डावीकडची झेप

पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे की मी फुटबॉलच्या संघाबरोबर काम करते. नेमकं काय करते, हे मात्र फारसं कुणाला ठाऊक नाही. भाजीवाल्या मावशींच्या मते मी मालिशवाली डॉक्टरीण. शेजारच्या काकांची समजूत अशी, की मैदानात खेळाडू पडला की त्याच्यावर फवारा मारायला धावते ती मीच. ती अगदीच चुकीची नाही, फवारा माझ्या पिशवीत असतोच. पण मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि टीव्हीवर दिसतं ते माझ्या कामाचं टोक असतं. बाकीचं कुणी दाखवत नाही, कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. एक माणूस टेबलावर पालथा पडलेला असतो आणि एक बाई त्याचा पाय हळूहळू वाकवत असते.

पावसाळा लागला की गल्लीत प्रश्न सुरू होतो. "काय मॅडम, यंदा काय करणार तुमची टीम?"

इतकी वर्षं मी "बघू या" म्हणून पुढं जायचे. यंदा म्हणाले, "वर जाणार."

वर म्हणजे वरच्या लीगमध्ये. आमचा क्लब देशातल्या दुसऱ्या दर्जाच्या व्यावसायिक लीगमध्ये खेळतो. पहिला येणारा संघ वर जातो, तळाचे खाली जातात. गेल्या वर्षी आम्ही खाली जाता जाता वाचलो. शेवटचा सामना बरोबरीत सुटला आणि दुसऱ्या गावात कुणीतरी हरलं, म्हणून. त्यामुळे यंदा हंगामाआधी क्रीडा पानांवर जे अंदाज आले, त्यात आमचं नाव शोधायला खालून सुरुवात करावी लागत होती. तरी मी छातीठोकपणे "वर जाणार" म्हणत होते, आणि त्याला कारण होतं. अंदाज बांधणारे खेळाडूंची नावं बघतात. मी त्यांची पावलं बघितली होती.

आमचा हंगामाआधीचा सराव कॅम्प यंदा आपल्याच शहरात झाला. एरवी तो कोल्हापूर नाही तर गोव्यात असतो, पण पावसाळ्यात तिथं मैदानावर तळं साचतं. आपल्याकडं पाऊस बेताचा, मुरमाच्या भरावावरचं मैदान तासाभरात मोकळं होतं. फुलंब्रीच्या रस्त्याला शहर संपतं तिथं ते मैदान मिळालं. इतक्या वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदा मी घरचा डबा घेऊन कॅम्पला गेले.

कॅम्प म्हणजे काय, ते आधी सांगते. खेळाडू सुट्टीवरून परत येतात तेव्हा कुणी लग्नं जेवून आलेलं असतं, कुणी आईच्या हातचं. पहिल्या आठवड्यात नुसतं पळवतात. भोंगा वाजला की पळायचं, परत वाजला की वळायचं, आणि भोंगे दर खेपेला जवळ जवळ येत जातात. मोठमोठी नावं त्या दिवशी कुंपणापाशी वाकून उलट्या करत असतात. मग चेंडू येतो, मग डावपेच, मग सरावाचे सामने. लोकांना संघ पहिल्या सामन्यात दिसतो, पण तो तयार झालेला असतो या कॅम्पमध्ये.

माझं काम दोन प्रकारचं. ज्याचं खरंच दुखतंय त्याला थांबवायचं, आणि ज्याचं दुखत नाही त्याला पळवायचं. दोघंही माझ्याशी खोटं बोलतात, हा या धंद्यातला मुख्य त्रास. आमचा पंजाबी स्ट्रायकर गुरप्रीत, म्हणजे गोल मारण्यासाठीच ज्याला ठेवलंय असा पुढचा खेळाडू, त्याची मांडी दर मंगळवारी धरायची. मंगळवार हा टेकडीवर पळायचा दिवस. मी त्याला टेबलावर तपासत बसत नाही. जेवणाच्या हॉलच्या पायऱ्या तो कशा चढतो ते लांबून बघते. ज्या दिवशी पनीर असतं त्या दिवशी तो दोन-दोन पायऱ्या टाकत जातो. "पाजी, मांडी बरी झाली, टेकडी वाट बघतेय," असं म्हटलं की तो कपाळाला हात लावतो आणि हसत बूट बांधायला लागतो. पण अशी माणसं सोपी. अवघड ती, जी दुखणं लपवतात. आणि त्याहून अवघड माणूस मला यंदा भेटला, ज्याचं काहीच दुखत नव्हतं.

त्याचं नाव इम्रान. आमचा गोलकीपर आणि कप्तान. गुलमंडीच्या मागच्या गल्लीतला, आमखास मैदानावर अनवाणी खेळून मोठा झालेला. तिशी ओलांडलेला, उंच, हात एवढे लांब की शर्टाच्या बाह्या कधी पुरल्या नाहीत. सगळा संघ त्याच्या आवाजावर चालायचा. गोलकीपरला पूर्ण मैदान समोर दिसतं, बचाव करणाऱ्यांना पाठीमागचं दिसत नाही. म्हणून चांगला गोलकीपर सतत ओरडत असतो. इम्रान दक्खनीत ओरडायचा. "ए, पीछे देख ना रे!" हे वाक्य आमच्या मणिपुरी आणि केरळी पोरांनाही पाठ झालं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सामन्यात डावीकडं झेप घेताना समोरून येणारा खेळाडू त्याच्या पसरलेल्या हातावर आदळला आणि त्याचा डावा खांदा निखळला. खांद्याचा सांधा म्हणजे बशीवर ठेवलेला चेंडू. बशीची कड फाटली की चेंडू पुन:पुन्हा सटकतो. ती कड ऑपरेशन करून शिवावी लागली. त्याच्या गैरहजेरीत आम्ही गडगडत गेलो, ते वर सांगितलंच आहे.

ऑपरेशननंतरचे सगळे महिने तो माझ्याकडं होता. पहिल्यांदा हात झोळीत. मग घड्याळाच्या लंबकासारखा नुसता हलवायचा. मग भिंतीवर बोटांनी वर चढायचं. मग रबरी पट्टा, मग वजन. एकही दिवस त्यानं चुकवला नाही. रमजानमध्येसुद्धा इफ्तारआधी येऊन व्यायाम करून जायचा. कॅम्प सुरू झाला तेव्हा त्याच्या डाव्या खांद्याची ताकद उजव्याच्या बरोबरीची होती, सर्जननी हिरवा कंदील दिला होता. मी ताठ मानेनं आमच्या प्रशिक्षकांना सांगितलं, "सर, कप्तान तयार आहे."

प्रशिक्षक मोहिते सर कोल्हापूरचे. यंदाच आलेले. बोलायला रांगडे, नजर घारीची. त्यांनी नुसतं "बघू की" म्हटलं.

क्लबनं यंदा गोव्याचा एक तरुण गोलकीपरही घेतला होता, डेनिल. मांजरासारखा चपळ, हातात चेंडू गेला की चिकटलाच. पण तोंडातून शब्द निघायचा नाही. दोघांतला एक पहिल्या सामन्यात उभा राहणार हे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे इम्रानचंच नाव धरून चालले होते.

कॅम्पच्या मध्यावर एका सकाळी गोलवर नेम धरायचा सराव चालला होता. एकेक खेळाडू येऊन गोलवर चेंडू मारतोय, इम्रान अडवतोय. मी कडेला पाण्याच्या ड्रमपाशी उभी होते. गुरप्रीतनं त्याच्या डावीकडं खाली, जमिनीलगत चेंडू मारला. गोल. पुढच्या पाळीला पुन्हा तिथंच. गोल. नंतर गुरप्रीतनं थांबून गोलकडं नीट बघितलं, आणि मुद्दाम हळू, कुणीही अडवला असता असा चेंडू तिथंच ढकलला. इम्राननं दोन छोटी पावलं टाकली, गुडघा टेकला आणि पाय लांबवला. हात गेलाच नाही. गोल.

गुरप्रीत खोडकर असला तरी मनाचा वाईट नाही. चेंडू उचलून तो रांगेच्या शेवटी जाऊन उभा राहिला.

मी दुपारी सरावाचं व्हिडिओ चित्रण मागवून घेतलं आणि आधीचे दिवस बघितले. उजवीकडं तो पूर्वीसारखाच उडत होता. डावीकडं मात्र एकदाही पडला नव्हता. उभाच राहायचा तो अर्धं पाऊल डावीकडं सरकून, म्हणजे त्या बाजूला झेपच घ्यायला लागू नये. इतक्या सफाईनं की माझ्यासारख्या रोज बघणारीलाही कळलं नव्हतं. आणि आणखी एक लक्षात आलं. त्या चित्रणात त्याचा आवाज नव्हता. अख्ख्या कॅम्पमध्ये तो ओरडला नव्हता. जो स्वतःला वाचवण्यात गुंतलाय, त्याला दुसऱ्यांवर ओरडायला सवड कुठून मिळणार?

संध्याकाळी मोहिते सरांनी मला बोलावलं. "मॅडम, तुम्ही म्हणता खांदा बरा झालाय."

"झालाय, सर."

"मग पडत का न्हाई त्यो? आज आपल्या गुर्‍याला कळलं. उद्या लीगमधल्या समद्या फॉरवर्डना कळणार. त्यांस्नी काय डोळं न्हाईत?" पुढं म्हणाले, "शेवटचा सराव सामना हाय, त्याच्या आत मला सांगा. न्हाईतर मी डेनिलला उभा करतो. कप्तान हाय म्हणून गोल खाऊन घेणार न्हाई मी."

त्यांचं चूक नव्हतं. पण इम्रानला या वयात बाकावर बसवलं, तर तो पुन्हा उठणार नाही हेही मला माहीत होतं. असा एक खेळाडू माझ्या हातून गेलाय. उजव्या बगलेवर खेळायचा, वाऱ्यासारखा. गुडघा मी पूर्ण बरा केला, सगळ्या चाचण्या पास झाला, आणि तो एका हंगामात फुटबॉल सोडून घरच्या दुकानात बसला. दर दिवाळीला त्याचा फोन येतो. "मॅडम, गुडघा मस्त आहे," असं सांगतो. ते ऐकून मला बरं वाटत नाही.

दुसऱ्या दिवशी इम्रान टेबलावर आला तेव्हा मी त्याचा खांदा सगळीकडून फिरवला. "दुखतं?"

"नाय, मॅडम."

"इथं?"

"एकदम ओके."

"मग डावीकडं पडत का नाहीस?"

त्यानं मान वळवून दाराकडं बघितलं. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कामाच्या वेळी तो मला मॅडम म्हणतो, मनातलं सांगायचं असलं की ताई. मग म्हणाला, "ताई, दुखलं असतं तर बरं झालं असतं. तुम्ही काही तरी लावलं असतं, बांधलं असतं."

"मग काय होतं?"

"वो आवाज आती. गिरने के पैले." त्यानं डोळे मिटले. "खांदा निघाला ना तेव्हा कट्‌ करून आवाज झाला होता. मी हवेत होतो. आता डावीकडं जायचं मनात आलं की आधी तो आवाज येतो. मग पाय जमीन सोडतच नाय. मी म्हणतो जा, तो म्हणतो नक्को."

"घरी सांगितलंस?"

"कोणाला सांगू? गल्लीतली पोरं म्हणतात इम्रानभाई पाखरासारखे उडतात."

त्याला मी समजावून सांगू शकले असते, की शिवलेली कड आता पक्की आहे, आवाज हा आठवणीतला आहे. पण ते सगळं त्याला माझ्याइतकंच माहीत होतं. शरीर असं समजावण्यानं ऐकत नाही. त्याला पुन्हा पडून, काही झालं नाही हे स्वतः बघावं लागतं. आणि पहिल्यांदा पडण्यासाठी अशी जागा लागते, जिथं आपटायला जमीनच नसेल.

गाद्या घालून बघू, असं पहिल्यांदा मनात आलं. पण गादी म्हटलं की ती गोलपोस्टजवळ, बाकीच्यांच्या डोळ्यांसमोर, आणि हा कप्तान. तलावावर न्यावं तर शहरातले तलाव पोरांनी गजबजलेले, आणि त्याला ओळखणारी निम्मी. पोहता त्याला येत होतं, आणि मग मला आमची विहीर आठवली.

माझं माहेर फुलंब्रीच्या अलीकडचं एक खेडं. शेत आता धाकटा भाऊ सुभाष बघतो. गावच्या विहिरीवर आमच्या माणसांना पाण्याला जाऊ देत नव्हते त्या काळात, माझ्या आजोबांनी आणि वडिलांनी स्वतःच्या हातांनी ही विहीर खोदली. रुंद, दगडांनी बांधलेली, एका बाजूनं पायऱ्या. वडील म्हणायचे, ज्यानं पाणी दिलं नाही त्यालासुद्धा आपल्या विहिरीचं पाणी पाजायचं. आम्ही सगळी भावंडं तिच्यातच पोहायला शिकलो. मी तर अशी भित्री होते, की वडिलांनी कमरेला डबा बांधून ढकलल्याशिवाय पाण्यात पडले नव्हते.

सर्जनना फोन केला. ते आधी खळखळून हसले, मग गंभीरपणे विचारलं, "पाणी किती आहे? तळाशी दगड?" सुभाषनं बांबू टाकून मोजलं, पाणी भरपूर होतं आणि तळाशी नुसता गाळ, तेव्हा ते तयार झाले. मोहिते सरांकडं गेले तेव्हा वाटलं होतं, ते वेड्यात काढतील. ते खुर्चीत पुढं सरकले. "विहीर? अहो, आम्ही पंचगंगेत पुलावरनं उड्या मारल्यात. न्या की. पण चेंडू फेकायला कुणीतरी लागंल." त्यांनी खिडकीबाहेर बघितलं. "डेनिलला घेऊन जा."

"सर, पण तीच जागा त्यालाही हवी..."

"म्हणूनच. कळू दे त्याला, जागा कशी मिळवत्यात."

सुट्टीच्या दिवशी आम्ही तिघं माझ्या गाडीतून गेलो. डेनिल मागं चेंडूंची जाळी मांडीवर घेऊन बसला होता, इम्रान पुढं. मला जरा धाकधूक होती. खांदा मी बरा केला होता. आता तोच खांदा मी विहिरीत टाकायला निघाले होते.

सुभाष आधीच पाण्यात उतरला होता, शेजारी ट्रॅक्टरची हवा भरलेली ट्यूब तरंगत होती. त्यानं मान वर करून इम्रानला नखशिखान्त न्याहाळलं. "आक्का, हेच का ते गोलकीपर? लईच उंच हायेत की! या, या. पाणी गार हाय, पण चावत नाय."

डेनिल पायऱ्यांवर दोन पावलं उतरला आणि भिंतीला घट्ट धरून उभा राहिला.

"अरे, तू तर गोव्याचा," मी म्हणाले.

"गोव्याचा हां, मॅम," तो कसनुसा हसला. "पण मला पोहता येत नाही. घरी कोणाला सांगू नका."

इम्रानला हसू फुटलं. त्या दिवसातलं पहिलं.

पायऱ्यांच्या बाजूला काठावर एक रुंद दगड आहे, तिथं इम्रानला उभं केलं. डेनिलनं पायऱ्यांवरून त्याच्या डावीकडं चेंडू टाकायचा, आणि इम्राननं झेप घेऊन तो हवेत पकडायचा. खाली फक्त पाणी. पहिला चेंडू आला. इम्रान जागचा हलला नाही. चेंडू पाण्यात पडला. दुसऱ्याला त्यानं सरळ पाय खाली करून धप्पकन उडी मारली.

"हे बेडकाचं झालं की, दादा!" सुभाष ओरडला. "पाखराचं दाखवा!"

इम्रान पाण्यातून वर आला, केस मागं सारले. माझ्याकडं बघितलं नाही, डेनिलकडं बघितलं. "दूर डाल," तो म्हणाला. "पोहोचता येणार नाय इतका लांब."

डेनिल भिंत सोडून एक पायरी खाली आला. त्यानं चेंडू टाकला, लांब, खांद्याच्या उंचीवर, अगदी नेमका. विचार करायला वेळच नव्हता. इम्रानचे पाय दगडावरून सुटले. पूर्ण लांब झालेला तो मी कित्येक महिन्यांनी बघितला. डावा हात ताणलेला, बोटं चेंडूवर, आणि मग सगळाच्या सगळा कुशीवर पाण्यात.

तो बराच वेळ वर आला नाही. मी पायऱ्यांवर धावले. सुभाष बुडी मारायच्या बेतात होता, तेवढ्यात ट्यूबच्या पलीकडं डोकं वर आलं. दोन्ही हातांत चेंडू. चेहऱ्यावर काय होतं ते मला लिहिता येत नाही.

"आवाज?" मी विचारलं.

"आला," तो धापा टाकत म्हणाला. "पन पानी में गिरने की आवाज जोर से आई." आणि तो इतक्या मोठ्यानं हसला की काठच्या चिंचेवरची पाखरं उडाली.

मग थांबायलाच तयार नाही. डेनिल फेकतोय, इम्रान उडतोय, सुभाष चेंडू गोळा करतोय. शेवटी मीच शिट्टी वाजवली, कारण दमलेला खांदा हा शहाणा खांदा नसतो. वर आल्यावर माझ्या भावजयीनं, शोभानं, बाजेवर गरम भाकरी, वांग्याची भाजी आणि ठेचा मांडला होता. डेनिल ठेचा खाऊन पाणावलेले डोळे पुसत होता आणि इम्रान त्याला सांगत होता, "तू बोलत कायकू नाय? हात तुझे सोन्याचे आहेत. पण तुझ्या पुढं चार माणसं उभी आहेत, त्यांना काय कळणार तुला काय दिसतंय? आता मला ओरडून भाकरी माग."

डेनिल लाजला. "भाभी, भाकरी," तो पुटपुटला.

"ऐकू नाय आलं!"

"भाभी, भाकरी!" तो ओरडला, आणि शेजारच्या रानातल्या माणसानं मान वर करून बघितलं.

त्या दिवसानं सगळं झालं असं कुणी समजू नये. पाण्यानंतर आम्ही वाळूच्या ढिगावर आलो, वाळूनंतर पाणी मारलेल्या मऊ गवतावर. रोज सरावाआधी, इतर खेळाडू यायच्या आत. फेकायला डेनिलच. एकदा मी त्याला विचारलं, "तू हे सगळं का करतोयस?" मी भलताच काही प्रश्न विचारल्यासारखं त्यानं बघितलं. "मॅम, मला त्याच्याशी खेळून जागा पाहिजे. त्याच्या भीतीशी नको."

शेवटचा सराव सामना वरच्या लीगमधल्या एका संघाशी होता. आमखासवरचे जुने खेळाडू, गुलमंडीतले दुकानदार, फुलंब्रीकडची शेतकरी मंडळी, कुंपणाभोवती चांगली गर्दी झाली. मोहिते सरांनी इम्रानला उभा केला. मी होकार दिला होता.

पहिल्या अर्ध्यात त्यांचा एक परदेशी खेळाडू मोकळा सुटला आणि त्यानं डाव्या कोपऱ्यात, खाली, जोरदार चेंडू मारला. इम्राननं झेप घेतली. पूर्ण. कडक जमिनीवर, डाव्या कुशीवर, लोकांसमोर. बोटांच्या टोकाला चेंडू चाटून आत गेला. गोल.

आमचा सगळा बाक हिरमुसला. मी एकटी उभी राहून टाळ्या वाजवत होते.

मोहिते सर वळले. "मॅडम, गोल आपल्यावर झालाय."

"बघितला, सर," मी म्हणाले. "पण झेप बघितलीत का?"

तिकडं इम्रान उठला होता, खांदा झटकला होता, आणि आमच्या दोन्ही मधल्या बचावपटूंकडं धावत गेला होता. त्याचा आवाज कुंपणापर्यंत आला. "उसको अकेला कायकू छोडे रे? पीछे देख ना!" आमखासची मंडळी हसली, शिट्ट्या वाजल्या. मोहिते सर हाताची घडी घालून तो आरडाओरडा ऐकत राहिले. मग मिशीत हसले.

सामना बरोबरीत सुटला. दुसऱ्या अर्ध्यात इम्राननं डावीकडचे दोन चेंडू अडवले, आणि आमच्यासाठी गोल मारला तो गुरप्रीतनं, मांडी धरल्याची कसलीही तक्रार न करता. संध्याकाळी सरांनी संघ जाहीर केला. गोलमध्ये इम्रान, कप्तानही तोच. डेनिल राखीव. डेनिलनं उठून इम्रानला मिठी मारली, आणि कानात काही तरी सांगितलं. इम्राननं नंतर मला सांगितलं, तो म्हणाला होता, "एक हंगाम. मग ही जागा माझी." इम्रानला त्याचा फार अभिमान वाटत होता.

आता मी गल्लीत "वर जाणार" कशाच्या जोरावर म्हणत होते, ते कळलं असेल. कुठल्याही संघाकडं दोन चांगले गोलकीपर असू शकतात. एकमेकांना चांगलं करणारे दोन असणं ही वेगळी गोष्ट आहे. टेकडीवर शेवटी गुरप्रीत पहिला पोहोचायला लागला होता. दमल्यावर पोरं एकमेकांवर चिडत नव्हती, हसत होती. असं मी फारशा कॅम्पमध्ये बघितलेलं नाही.

गणपती उठल्यावर लीग सुरू झाली. पहिला सामना परगावी, गेल्या वर्षी दुसरा आलेल्या संघाशी, भरलेल्या स्टेडियममध्ये. आम्ही एका गोलनं पुढं होतो आणि शेवटची काही मिनिटं उरली होती. त्यांना कॉर्नर मिळाला. चेंडू उंच आला, गोलसमोरच्या गर्दीत. इम्रान रेषा सोडून पुढं झेपावला, सगळ्यांच्या डोक्यांवरून डाव्या मुठीनं चेंडू लांब ठोसला, आणि खाली आला तो दोन धिप्पाड माणसांच्या खाली. डाव्या खांद्यावर.

माझ्या हातात पिशवी आली होती, मी रेषेवर पोहोचले होते. रेफरीनं बोलावल्याशिवाय आत जाता येत नाही. ती दोन माणसं उठली. इम्रान पडलेलाच होता, तोंड गवतात. रेफरी त्याच्यावर वाकला, मग माझ्याकडं बघायला लागला. स्टेडियममध्ये प्रचंड गोंगाट होता, पण मला काही ऐकू येत नव्हतं.

मग गवतातून एक हात वर आला. डावा. सरळ, खांद्यातून पूर्ण ताठ. त्यानं तळवा माझ्या दिशेनं धरला आणि दोनदा हलवला. येऊ नका.

आणि उठून उभा राहायच्या आधीच तो बचावपटूंवर ओरडायला लागला होता.

मी परत येऊन बाकावर बसले. पिशवीची चेन लावायचा प्रयत्न केला, ती लागेना. शेजारून डेनिलनं ती हळूच माझ्या हातातून घेतली आणि लावून दिली. सामना आम्ही जिंकला.